रोज पायउतार होणाऱ्या बाईचं खुलं पत्र

प्रति,
गोव्यातल्या १३ नगरपालिका आणि १ महानगरपालिकेतले नगरसेवक बाब, नगरसेविका बाय, ज्युनियर इंजिनियर, ओव्हरसियर, कंत्राटदार आणि ज्यांच्या ज्यांच्या सहीने फुटपाथ होतो ते सगळे

सायबांनो,

नमस्कार. मी कुठल्या शहरातली ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर बाकीचे तेरा जण म्हणणार, चला, आमचं नव्हे. आणि ज्यांचं आहे ते म्हणणार ही कोण बाई, हिने घरपट्टी भरलीय काय बघा रे. भरलीय. पावती आहे. तेव्हा चौदाही जणांनी हे आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं ही विनंती.

झालं असं की रिटायर झाल्यावर पहिल्याच वर्षी शुगर निघाली. डॉक्टरनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले बाकीचं औषध पायात आहे, स्कूटर घरी ठेवा, बाजारात चालत जा. बावीस वर्षं मी स्कूटरवरून ऑफिसला गेले, आमच्या रस्त्याला फुटपाथ आहे की नाही हेसुद्धा कधी नीट बघितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मीपण कितीतरी वेळा स्कूटर फुटपाथवर चढवून "दोन मिन्टं, दोन मिन्टं" म्हणत दुकानात शिरलेली आहे, तेव्हा हे पत्र कोणी देवमाणूस लिहीत नाहीय, आधीच सांगून ठेवते.

पोराने मोबाईलमध्ये पावलं मोजायचं अ‍ॅप घालून दिलं. पावलं ते मोजतं, मला काही कामच उरलं नाही, म्हणून मी दुसरं मोजायला लागले. घरापासून बाजाराच्या गेटपर्यंत फुटपाथवरून रस्त्यावर किती वेळा उतरावं लागतं ते. अर्धा किलोमीटरपेक्षा थोडं जास्त अंतर असेल. आकडा आला १९. मला वाटलं चुकलं असेल, दुसऱ्या दिवशी परत मोजलं, एकवीस आला, कारण एका ठिकाणी रेतीचा ढीग नवीन होता आणि एका ठिकाणी कुत्री व्यायलेली. ते दोन सोडून १९ धरा. जाऊन येऊन ३८. मराठीत पायउतार होणं म्हणजे पद सोडणं. तुमच्यातलं कोणी पायउतार झालं की पहिल्या पानावर फोटोसकट बातमी येते, मी दिवसाला ३८ वेळा होते, आजवर कोणी दोन ओळी छापल्या नाहीत.

१९ उतरणी कसल्या ते थोडं सांगते, सगळ्या सांगत बसले तर तुम्ही मोबाईल खाली ठेवाल. सहा ठिकाणी गाड्या, त्यातल्या चार रोज त्याच, मला नंबर पाठ झालेत. तीन ठिकाणी बंगल्यांची गेटं, तिथे मालकाने स्वतःच्या गाडीला चढायला बरं पडावं म्हणून फुटपाथच कापून उतार केलाय, म्हणजे आम्ही खाली उतरायचं आणि परत चढायचं, घसरगुंडी नुसती. एक ट्रान्सफॉर्मर, जाळीसकट, फुटपाथच्या बरोब्बर मधोमध. दोन विजेचे खांब, त्यातला एक जुना, त्याच्यावर तारच नाही, नवीन घातल्यावर जुना काढायचा राहून गेलाय. टेलिफोनचा एक लोखंडी डबा, दार मोडलेला, आत कोणाची तरी झाडू ठेवलेली असते. एक बांधकाम. एक "आपले हार्दिक स्वागत" वाला बोर्ड, दोन पायांचा, दोन्ही पाय फुटपाथवर, त्यावरचे फोटो तुमच्यापैकीच कोणाचे तरी, हसरे. आणि बाकीच्या ठिकाणी फुटपाथ आहे पण त्याची वरची लादी धड बसलेली नाही.

ह्या शेवटच्या प्रकाराबद्दल मला जास्त बोलायचंय कारण तिथे आमची आई पडली.

आई एक्याऐंशीची आहे. वडिलांची पेन्शन तिला येते. नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा लागतो, म्हणजे मी जिवंत आहे असं स्वतः जाऊन सांगायचं. आता घरी बसून मोबाईलवरही होतं म्हणतात, पण आईला बँकेत जाऊनच द्यायचा असतो, तेवढंच तिचं वर्षातलं एक ऑफिसचं काम. तर आम्ही दोघी चाललो होतो, ती काठीवर, मी तिच्या दंडाला धरून. फुटपाथवरूनच, कारण रस्त्यावर बस उभी होती. गटारावरच्या एका स्लॅबवर तिने पाय ठेवला, स्लॅब एका बाजूने डुगडुगला, काठी दोन स्लॅबच्या मधल्या फटीत गेली आणि आई माझ्या हातातून सुटून खाली बसली. बसलीच म्हणायचं, पण बसताना हात टेकला. मनगट. लोक धावले, पायलटवाल्याने, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाल्याने, पाणी आणून दिलं, समोरच्या फार्मसीवाल्याने बर्फ. आणि आमची आई काय म्हणते? आधी दाखला देऊया, मग हाडाच्या डॉक्टरकडे जाऊया, नायतर हे लोक मला मेलेली धरतील. तशीच गेलो. डाव्या हाताने अंगठा दिला, उजवा सुजून वांग्याएवढा.

सहा आठवडे प्लास्टर. त्या सहा आठवड्यांत मी तक्रार करायला फिरले. कुठल्या ऑफिसात ते जाऊ दे, माणसं वाईट नव्हती, एकाने तर चहा विचारला. पण गटार एकाचं, वरचा स्लॅब दुसऱ्याचा, फट पडली ती केबलसाठी खणलं तेव्हा, ते तिसऱ्याचं काम, त्याला परवानगी चौथ्याने दिलेली. शेवटी एका ओव्हरसियरने हळू आवाजात खरं काय ते सांगितलं. बाई, म्हणाला, तो फुटपाथ नव्हेच, ते गटाराचं झाकण आहे, लोक चालतात म्हणून आम्ही फुटपाथ म्हणतो.

घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली एवढं कळायला तुला ऑफिसात जावं लागलं?

तेव्हापासून मी बघतेय, आणि तुम्हीपण बघा, गोव्यातल्या कितीतरी शहरांत हीच तऱ्हा आहे. आपल्याकडे चार महिन्यांत तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्याला गटार खोल पाहिजे, रुंद पाहिजे, मान्य. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूला घरं, जागा नाही, म्हणून गटारावर स्लॅब घालायचे आणि त्यालाच फुटपाथ म्हणायचं, हेपण एकवेळ मान्य. पण मग काय होतं, की फुटपाथची उंची माणसाच्या गुडघ्याकडे बघून ठरत नाही, पाण्याच्या पातळीकडे बघून ठरते. दर वर्षी मे महिन्यात गाळ काढायला स्लॅब उचलतात, लोखंडी कांब घालून, दोन माणसं. गाळ काढून बाजूलाच ठेवतात, तो आठ दिवस तिथेच वाळतो, पहिल्या पावसात अर्धा परत आत जातो. आणि स्लॅब परत ठेवताना खाली बैठक साफ कोण करतो? खडा राहतो, चिऱ्याचा तुकडा राहतो, स्लॅब तीन कोपऱ्यांवर बसतो. चौथ्या कोपऱ्यावर आमची आई. प्रत्येक स्लॅब दर वर्षी उचलायचाच असेल तर तो कधीच घट्ट बसणार नाही, हे कळायला इंजिनियर असावं लागत नाही. थोड्या थोड्या अंतरावर उघडता येणारी पक्की झाकणं ठेवा, गाळ तिथून काढा, मधले स्लॅब सिमेंट घालून कायमचे बसवा. मी काही नवीन सांगत नाहीय, तुमच्याच त्या ओव्हरसियरने मला हे कागदावर काढून दाखवलं. त्याला विचारा. त्याला कोणी विचारत नाही, हेच त्याचंही दुःख आहे.

पेव्हर ब्लॉकचं पण तसंच. खाली वाळूचा थर नीट दाबलेला नसला आणि कडेला घट्ट कर्ब, म्हणजे कडेचा काठ, नसला की पावसाचं पाणी वाळू घेऊन जातं, ब्लॉक पोकळीवर बसतो, आणि मग तुम्ही इस्त्रीचा ड्रेस घालून पाय ठेवला की खालून पिचकारी. माणसांसाठी घातलेल्या पातळ ब्लॉकवर गाडी चढवली की तो खचतो, मग पुढचा खचतो, मग टेंडर निघतं. जुलैत आमच्याकडे शाळेच्या पोरांना कुठला ब्लॉक उडतो ते पाठ असतं, ते मुद्दाम मैत्रिणीला त्याच्यावर पाय ठेवायला लावतात.

आता मुद्द्याचं. मागे एकदा एक मुलगा भेटला, इंजिनियरिंगचा, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आमच्या फुटपाथच्या कडेला उभा, हातात फॉर्म आणि मोबाईलमध्ये घड्याळ लावलेलं. म्हटलं काय रे करतोस? म्हणाला आंटी, लेव्हल ऑफ सर्व्हिस काढतोय. मग त्याने समजावलं. जॉन फ्रुइन म्हणून एक अमेरिकन, त्याने १९७१ साली चालणाऱ्यांसाठी ए पासून एफ पर्यंत ग्रेड ठरवल्या, शाळेच्या निकालासारख्या. एका माणसाच्या वाट्याला चालताना किती मोकळी जागा येते त्यावर ग्रेड. माणशी साधारण सव्वातीन चौरस मीटरपेक्षा जास्त जागा असली की ए. खांद्याला खांदा लागून लोंढ्यासारखं सरकावं लागलं की एफ. मुंबईच्या एखाद्या स्टेशनाबाहेर ठीक आहे हो हे.

म्हटलं मग आमच्या फुटपाथला काय ग्रेड? पंधरा मिनिटं मी त्याच्याबरोबर उभी राहिले. फुटपाथवरून गेलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. दर माणशी जागाच जागा. तो पोरगा आकडेमोड करून हसायला लागला, म्हणाला आंटी, ए येतंय.

ए!

म्हटलं बाळा, मान वर करून बघ. माणसं कुठे चाललीत? सगळी रस्त्यावरून. कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून, एकामागे एक, मुंग्यांसारखी, बस आली की गाड्यांच्या फटीत शिरतात, बस गेली की बाहेर. पोरांना घेऊन आया, भाजीच्या पिशव्या, एक बाबा व्हीलचेअरवर. फुटपाथ रिकामा आहे कारण त्याच्यावर चालता येत नाही, आणि रिकामा आहे म्हणून त्याला ए. त्या पोराने मग कागदाच्या मागच्या बाजूला रस्त्यावरची माणसंपण मोजायला सुरुवात केली. हुशार पोरगा. त्याने सांगितलं की नंतरच्या लोकांनी ही पद्धत सुधारली, चालणाऱ्यांनाच विचारतात, तुम्हाला सुरक्षित वाटतं काय, जमीन सपाट आहे काय, वाटेत अडथळे किती, सावली, दिवे. त्यानेपण फॉर्म आणला होता, १ ते ५ मार्क द्या. मी भरला. तो फॉर्म मी रस्त्यावर उभी राहून भरला, कारण फुटपाथवर एक जण टेम्पोतून फरशा उतरवत होता.

सायबांनो, तुमचं म्हणणं मला माहीत आहे. फाईलमध्ये फुटपाथ आहे. इतके मीटर लांब, इतका रुंद, बिल पास. मी म्हणते तुम्ही मीटर मोजू नका, उतरण्या मोजा. सकाळी एका माणसाला वही देऊन बसवा. माणूस फुटपाथवरून खाली उतरला की एक रेघ. कुठे उतरला, कशामुळे उतरला. आठ दिवसांत तुम्हाला कळेल पैसे कुठे घालायचे ते. नवीन लाद्या घालण्याची गरज नव्हतीच असं निघेल अर्ध्या ठिकाणी, जुना खांब काढला असता तरी झालं असतं.

आणि कोण उतरलं तेपण लिहा. कारण माझ्या १९ म्हणजे सगळ्यांच्या १९ नव्हेत. माझी भाची कॉलेजमधून संध्याकाळी साडेसातला येते, ती फुटपाथवर चढतच नाही. म्हणते मावशी, बारच्या बाहेर सगळा फुटपाथ स्कूटरवर बसलेल्या माणसांनी भरलेला असतो, पुढे दिवा बंद, त्यापेक्षा रस्त्यावर गाड्यांच्या उजेडात बरं वाटतं. म्हणजे तिला गाडीखाली येण्याची भीती कमी वाटते. हे तुमच्या कुठल्या मोजपट्टीत बसतं सांगा बघू. लादी तिथे एकदम सपाट आहे, मी बघितली.

आमच्या वाड्यावर एक काका आहेत, नजर पूर्ण गेलेली, पांढरी काठी घेऊन एकटे फिरतात. पिवळ्या खाचांच्या लाद्या तुम्ही अलीकडे घालायला लागलात ना, त्या पहिल्यांदा सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसाने १९६५ साली काढल्या आणि १९६७ साली ओकायामात अंधशाळेजवळच्या रस्त्यावर बसवल्या. रेघांची लादी म्हणजे सरळ चल, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे कायतरी आहे. साधी भाषा, पायाने वाचायची. आमच्याकडे ही भाषा डिझाईन म्हणून छापलीय. एका ठिकाणी ठिपके सरळ वाटेवर सलग, म्हणजे थांब थांब थांब थांब, आणि जिथे खरोखर थांबायचं तिथे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या जाळीपाशी, रेघा. सरळ चल! काका म्हणाले मी पहिल्या दिवशी विश्वास ठेवला, दुसऱ्या दिवसापासून गटाराच्या वासावर चालतो.

कायदे-नियम नाहीत असं नाही हो. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून १९३४ पासूनची संस्था आहे, नावात काँग्रेस असलं तरी पक्ष नव्हे, इंजिनियर लोकांचीच. त्यांच्या आयआरसी १०३ मध्ये राहत्या वस्तीत निदान १.८ मीटर मोकळी चालती जागा सांगितलीय, बाजारपेठेत २.५. मोकळी म्हणजे खांब, झाड, डबा सोडून उरलेली. कर्बची उंची १५० मिलीमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे जिन्याच्या एका पायरीएवढी. आमच्याकडे काही ठिकाणी दीड फूट आहे. विचारलं तर म्हणाले गाड्या चढू नयेत म्हणून. आता तिथे आमची आई चढू शकत नाही आणि बुलेट चढते, दुकानदाराने फळी लावून दिलीय तिला.

पण १.८ मीटर हासुद्धा आकडा गोव्याला पुरत नाही असं माझं मत आहे. कारण छत्री. जून ते सप्टेंबर आपण सगळे छत्रीएवढे रुंद असतो, मीटरभर तरी. दोन छत्र्या समोरासमोर आल्या की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे (नसेल तर गाडीतून खाली उतरा एकदा), एक जण छत्री वर उचलतो, दुसरा तिरकी करतो, तिसरा जो मागून येतो त्याच्या मानेत पन्हळ. आणि जो सभ्य असतो तो उतरतो. गोव्यात फुटपाथ छत्रीने मोजावा. दोन उघड्या छत्र्या एकमेकींना न लागता गेल्या तर पास. तुमच्या इंजिनियरला मीटर टेपपेक्षा हे सोपं पडेल, ऑफिसच्या कोपऱ्यात दोन छत्र्या पडलेल्या असतातच.

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही अतिक्रमण हटवायला गेलो की तुम्हीच ओरडता. हे खरं आहे, म्हणून नीट लिहिते. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की तुमची जीप पहिली जाते ती आबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विकणाऱ्या बाईकडे. तिची पाटी उचलायची, फोटो काढायचा, झाली ड्राईव्ह. ती बाई दीड हात जागा घेते. आणि तिच्याकडून सोपो, म्हणजे बाजारात बसायचा कर, कोण घेतं? पावती फाडून पैसे घ्यायचे आणि मग तिलाच बेकायदेशीर म्हणायचं हे कुठलं गणित. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात शहरात फेरीवाला समिती करायची आणि तिच्यात निदान ४० टक्के फेरीवाल्यांचेच प्रतिनिधी घ्यायचे असं लिहिलंय. त्यांच्याशी बसून बोला, कोपरे ठरवा. माझी भाची काय म्हणते ते ऐका, ती म्हणते ज्या कोपऱ्यावर फुलवाली बसते तिथे मला भीती वाटत नाही. चवथीच्या आधी दोन दिवस तर माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं, सामान घेऊन गावातल्या बायका बसतातच, माट्टी, कांगलां, आंबाडे, तोरिंगण, सुपारीचे घड, तेव्हा चालायला तसूभर जागा नसते आणि मी स्वतः त्या गर्दीत आनंदाने धक्के खाते. त्या दोन दिवसांच्या माझ्या उतरण्या मी मोजत नाही. माझ्या १९ मध्ये फुलवाली एकपण नाही. सहा गाड्या आहेत. त्या गाड्यांकडे जीप जात नाही, कारण त्यातली एक, असो.

गाडीवाल्यांना शिव्या देणं सोपं आहे, मी त्यातलीच होते म्हणून सांगते, त्यांनापण जागा नाही. बस वेळेवर नाही म्हणून प्रत्येकाने स्कूटर घेतली, स्कूटर ठेवायला जागा नाही म्हणून फुटपाथवर, फुटपाथवर जागा नाही म्हणून चालणारा रस्त्यावर, चालणं धोक्याचं म्हणून त्यानेपण स्कूटर घेतली. आमच्या बिल्डिंगमध्ये आठ फ्लॅट, गाड्या एकोणीस. (हा पण १९, गंमत आहे.) परवा एकाला म्हटलं, अरे आज्जीला जायला जागा दे, तर हेल्मेटमधून म्हणतो, "आंटी, पांच मिन्टां, मातशें सकयल देंवून वच मगो." खाली उतरून जा. किती गोड आवाजात. आईने काठी टेकवून त्याच्याकडे असं बघितलं की त्याने गाडी काढली, पण ते आईचं बघणं होतं, तुमचा कायदा नव्हे.

कोर्टानेपण सांगून झालंय. १४ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी म्हटलं की अडथळा नसलेले, वापरता येण्यासारखे फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचा भाग आहे आणि ते अपंगांनाही वापरता आले पाहिजेत. कलम २१ म्हणजे जगण्याचा हक्क. मी हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली म्हणजे हयातीचा दाखलाच की. देशात २०२२ साली रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली असं केंद्र सरकारचाच अहवाल सांगतो, त्यातली ३२,८२५ चालणारी होती. पाचातलं एक. ती कुठून कशासाठी उतरली होती ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

चांगलं काही दिसतच नाही काय हिला, असं वाटत असेल तर दिसतं. पणजीला गेले की मी मुद्दाम कांपालला मांडवीच्या कडेने चालते, मोठमोठ्या झाडांची सावली, नदीचा वारा, तिथे शुगर आपोआप खाली येत असणार. १८ जून रस्त्यावर जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर दुकानांसमोर छपराखालून चालायला जो पट्टा सोडलाय, तो ज्याने कोणी ठरवला त्याला पाऊसपण कळत होता आणि ऊनपण. छत्री मिटून चालता येतं. असं प्रत्येक शहरात नवीन इमारतीला परवानगी देतानाच सांगितलं तर खर्च तुमचा नव्हे, बिल्डरचा. एवढं तरी करा.

तो रस्ता आला की मला नेहमी एक आठवतं. १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, लोक रस्त्यावर उतरले, पोर्तुगीजांनी लोहियांना पकडून नेलं. तेव्हा रस्त्यावर उतरायला छाती लागायची. आता आम्ही रोज उतरतो, पिशवीत दोन वाटे तारल्यांचे, कारण फुटपाथवर कोणाचीतरी गाडी उभी आहे. शाळेत आम्हाला एक जुने सर होते, ते संध्याकाळच्या चक्कर मारण्याला पासय म्हणायचे, "पासयेक वतां" म्हणून निघायचे, धोतर, काठी, टोपी. तो पोर्तुगीज शब्द, पासेयो, आणि पोर्तुगीजमध्ये फुटपाथलापण तोच शब्द. फिरणं आणि फिरायची जागा, दोन्हीला एकच. ते सर अर्ध्या गावाची विचारपूस करत तासाभराने परतायचे. आता तासाभरात मी बाजारात जाऊन येते आणि एकपण माणसाशी बोलत नाही, कारण बोलायला वर बघावं लागतं आणि वर बघितलं तर खाली स्लॅब.

तर मागणं काय. स्मार्ट काही नको. रंग नको, एलईडीची फुलं नकोत, सेल्फी पॉईंट तर अजिबात नको, आमच्याकडे एक झालाय तो फुटपाथवरच आहे. मे महिन्यात उचललेला स्लॅब बसवताना खालचा खडा काढा. मेलेले खांब काढा. गेटापाशी फुटपाथ सपाट ठेवा, गाडीने चढून उतरावं, तिला इंजिन आहे. त्या पिवळ्या लाद्या काकांना बोलावून त्यांच्यासमोर बसवा. बारसमोरचा दिवा लावा. आणि वही घेऊन एक माणूस बसवा, उतरण्या मोजायला. माणूस नसेल तर मी येते, मला तसंही रोज चालायचंच आहे, पगार नको.

आणि येत्या सोमवारी सकाळी साडेनऊला बाजाराच्या गेटापाशी मी आणि आई उभ्या असू. तुमच्यापैकी कोणीही यावं, सगळे नको, सगळे आलात तर गाड्या कुठे ठेवणार. आमच्याबरोबर घरापर्यंत चालायचं, एवढंच. हळू चालावं लागेल, आईचं मनगट बरं झालंय पण भीती गेलेली नाही. पावसाचे दिवस आहेत, छत्री आणा आणि जुनी चप्पल घालून या.

कळावे,
तुमच्याच वॉर्डातली एक

ता. क. : हे पत्र लिहून दोन दिवस तसंच ठेवलं होतं. काल संध्याकाळी फार्मसीसमोरचा तो आईवाला स्लॅब कोणीतरी बसवून गेलंय, खाली ताजं सिमेंट दिसतंय. मी दोनदा त्याच्यावर उभी राहून बघितलं, हलत नाही. आता १८.